पानाला दिलेले दोन काप

आबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली आणि आज मी तुमच्यापुढं एका फुलझाडाचं गाऱ्हाणं घेऊन बसले आहे. हसू नका. झाडही असं की त्याला माती नाही. कुंडीत सालीचे तुकडे आणि कोळसा, त्यातून मुळं बाहेर लोंबतात. ऑर्किड म्हणतात त्याला. मी इंदापूरच्या शाळेतून रिटायर झाले तेव्हा सुनेनं ते भेट म्हणून आणलं. तुम्ही असता तर काय विचारलं असतं ते मला पाठ आहे: "माती न्हाय, मग खातंय काय ह्ये?" मीही तेच विचारलं, फक्त मनातल्या मनात.

बारामतीच्या आमच्या स्वयंपाकघरात खिडकीशी ते ठेवलं. दोन-अडीच महिने पांढरी फुलं टिकली, मग एकेक करून ओट्यावर पडली. मी म्हटलं, संपलं, द्या टाकून. सून म्हणाली, "आई, मेलं न्हाय ते, दमलंय. परत फुलतंय बघा." तिनं दोन पेरं ठेवून दांडा तिरका कापला, कुंडी कडक उन्हातून पडद्याआड सरकवली. आठवड्यातून एकदा कुंडी पाण्यात बुडवायची, पूर्ण निथळू द्यायची. वाळक्या काडीची एवढी उस्तवार कशाला, मला काही उमजेना. फुकट एवढा जीव कोण लावतं? सहा महिने गेले, कोंब नाही की काही नाही. मी रोज टोचायचे, "आलं का गं तुझं फूल?" एक दिवस ती मागच्या दारी फोनवर बोलत होती. "पांढरं हाय का? तसलंच पायजे बघ." झालं! म्हटलं, नर्सरीतून फुललेलं झाड आणणार आणि जुनंच फुललं म्हणून मिरवणार.

हा तुमचाच वारसा, दुसरं काय. मी नऊ-दहा वर्षांची आहे, कऱ्हाटीच्या माळावरून मेंढरं घेऊन येतेय आणि तुम्ही मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी उभे आहात. मी ऐटीत सांगते, "आबा, साठच्या साठ आणली." तुम्ही म्हणता, "आकडा बराबर हाय. मेंढरं बराबर हायेत का?" आणि एकेकीचा कान धरून बघता. डाव्या कानाला दोन काप असले तर ती आपली. तोंडानं कुणी काही सांगो, कान बघितल्याशिवाय तुम्ही आत सोडत नव्हता. मग मी काय केलं असेल? ब्लेड घेतलं आणि सगळ्यात खालच्या पानाच्या कडेला दोन काप दिले. आता बदल म्हणावं!

थंडी पडल्यावर सून झाड घेऊन माहेरी गेली, पळसदेवला. म्हणे, दांडा फुटायला रात्रीचा गारवा लागतो, हितं भिंती तापलेल्या असतात, तितं पाण्याकाठी गार पडतं. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, बदलायला आडोसा पाहिजेच. ती दोन दिवसांनी परत आली, झाड मात्र तिच्या आईकडं ठेवून. मधे दोनदा जाऊन बघून आली. संक्रांतीनंतर आणलं तर पेरातून नवा फाटा निघालेला आणि त्यावर हरभऱ्याएवढ्या पाच कळ्या. सून आनंदानं नुसती नाचत होती. मी चष्मा लावून खालचं पान बघितलं. काप नव्हते. एकाही पानाला नव्हते.

"हे आपलं झाड न्हाय," मी मुलासमोर म्हणाले. "नर्सरीतनं आणलंस. मला काय खुळी समजतीस?"

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "आई, खालचं पान सडलं म्हणून काढलं. कडेला कायतरी लागलं होतं, तितनं कूज चढत चालली होती. दालचिनीची पूड लावली तवा झाड वाचलं."

"व्हय, तू सांगशील तेच खरं."

दुसऱ्या दिवशी पिशवी भरून ती माहेरी गेली. चार दिवसांत येते म्हणाली, पंधरा झाले. मुलगा माझ्याशी कामापुरतं बोलायला लागला. शेवटी मी कुंडी उजेडात घेतली. बुडाशी पान काढल्याचा वण होता, त्यावर दालचिनीची पूड होती. जुन्या दांड्यावर तिनं दिलेला तिरका छाटही तसाच होता. झाड आपलंच, आणि सडलं होतं माझ्या ब्लेडनं. कोकराचा कान भरून येतो आबा, पानाचा काप भरून येत नाही. हे मला मेलीला कुठं माहीत!

त्या रात्री मला चुलते आठवले. त्यांच्या कळपात आपलं एक कोकरू निघालं, कान फाटलेलं. तुम्ही म्हणालात, भावानं खूण मोडली. ते म्हणाले, बाभळीत अडकून फाटला. तुम्ही बोलणं तोडलं ते तोडलंच. चुलते गेले त्या दिवशी तुम्ही लांब उभे राहिलात आणि घरी येऊन मला म्हणालात, "कान बाभळीनंच फाटला व्हता. मला दुसऱ्याच दिशी कळलं व्हतं." मग गेला का नाहीत, आबा? दोन घरांत एका बांधाचंच अंतर होतं. मला तुमचा तेव्हा राग आला, तो अजून आहे.

म्हणून मी एसटी पकडून पळसदेवला गेले. विहीणबाईंनी चहा दिला आणि बोलता बोलता सांगितलं, की जुन्या कुंडीला चीर गेली म्हणून लेकीनं फोनवर तसलंच पांढरं भांडं मागवलं होतं, खिडकीत शोभतं म्हणून. मी कप खाली ठेवला. मी सुनेला म्हणाले, "चुकलं माझं. झाड आपलंच हाय. चल घरी." आमच्यात सासू असं बोलत नाही. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. सून रडली, मीही रडले. मग डोळे पुसत तिनं विचारलं, "पण आई, त्या पानाला लागलं काय असंल?"

"अळी असंल," मी म्हणाले.

आता पाचही फुलं उमलली आहेत. सून रोज सकाळी पानं उलटीपालटी करून अळी शोधते, कडुनिंबाचं तेल मारते. परवा म्हणाली, "लई हुशार अळी व्हती, आई. दोन्ही काप एका मापाचे." आणि माझ्याकडं बघून हसली. तिला सगळं कळलंय, असा मला दाट संशय आहे. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, फाडूनच टाकणार होते. पण तोंडानं सांगायची माझी छाती होत नाही आबा, म्हणून ते ओट्यावर ठेवतेय, तिच्या हाताला लागेल असं.