बुधवारची तिथी

चि. शिवहार यास,

आबाचा आशीर्वाद. नावाआधी चि. लिहायची हाताला सवय, ती राहू दिली. हे पत्र कुठं धाडायचं न्हाई.

तुझं वर्षश्राद्ध जवळ आलंय. मोबाईलात अजून दोन्ही गावं हायेत, हवामान अन् घड्याळ बघायला तूच घालून दिलेली. वर कुरुंदा, खाली तुझं तिकडचं सास्काटून. आपल्याकडं ऊन कडक, हळद शिजून राहिली. तिथं बर्फ. तिथलं घड्याळ आपल्या साडेअकरा तास मागं. सकाळी चहा घेताना मी दोन्ही बघतो. काहून बघतो, ठाव न्हाई.

तुझी गाडी बर्फावरून घसरली तवा तिथं बुधवारची सांज होती अन् इथं गुरुवारची सकाळ. फोन आला तर तुझी माय म्हणली, "तिथं अजून बुधवारच हाय ना? बुधवारी तर तो आपल्याशी बोलला." मग ती उठून भट्टीकडं गेली, चढवलेली हळद उतरवायला. मी बी गेलो.

आता भटजी विचारून राहिले, तिथी कोणती धरायची? जीव गेला तिथली, का आपल्या गावची? तुझा काका म्हणतो, तिथली, बुधवारची.

मी गुरुवारची सांगितली. बुधवारी तू होतास. इथल्या सांजच्याला फोनवर तू विचारलं, "आबा, औंदा हळद कशी निघाली?" मी म्हणलो, "गडबडीत हाय, उद्या सांगतो."

हळद चांगली निघाली होती.

तुझा आबा,
माणिकराव