आत्याचे दोन डबे

तळेघर,
दि. ९ नोव्हेंबर २०२४

वृषालीस,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, खोडलं. फोनवर तू ब्लॉक केलंस, म्हणून पोस्टानं पाठवतोय. घरी सगळे बरे. भात कापून झाला, नाचणी अजून उभी आहे. कॉलेजचं विचारू नकोस. दुसऱ्या वर्षाला सोडलं ते सोडलं.

तुमचा वनौषधींचा प्रकल्प कुठवर आला? तुमचा म्हणजे तुझा आणि पीयूषचा. सरांनी जोड्या पाडल्या, त्यात तुझा दोष नाही. पण घोडेगावहून त्याच्या गाडीवर मागं बसून ये, असंही सरांनीच सांगितलं होतं का? येष्टी आहे की. दिवसाला दोनच आहेत, पण आहेत.

चिमाआत्यानं तुम्हाला ओढ्याकाठचा रानचुका दाखवला. दोन वर्षांपूर्वी मीच तुला तो दाखवला होता, तेव्हा म्हणालीस, “शी, किती किडे!” या वेळी मात्र त्याच रोपाशेजारी उकिडवी बसून चित्र काढलंस. आत्या सांगत होती, “मुळी उगाळून गजकर्णाला लावायची. पोट तटलं तर मुळीची पूड, मोकळं करती. आन् जुलाब लागलं तर बी भाजून ताकातनं द्यायचं, ते बांधतं.” त्यावर हा दुकानदाराचा पोरगा विचारतो, “आजी, किती ग्रॅम?” आत्या म्हणाली, “पावणं, तराजू तुमच्या दुकानात. हितं माजी चिमूट.” तू केवढी हसलीस! हसताना त्याच्या खांद्यावर हात ठेवलास. मी मोजत नव्हतो, पण दोनदा.

तर त्या दिवशीचं.

त्याचं पोट सकाळपासूनच बिघडलेलं होतं. आत्या तुला घेऊन पुन्हा ओढ्यावर गेली आणि जाताना मला म्हणाली, “याला बियाची पूड दे रं ताकात.” तोही म्हणाला, “स्वराजभाऊ, बीच द्या हं. आमच्यात मुळी खात नाहीत. कंदमूळ वर्ज्य.” किती गोड बोलतो! तेवढ्यात ओढ्यावरून तुझी हाक आली, “पीयूष, पाणी पिऊन घे रे!” मीही तिथंच उभा होतो, वृषाली. मला कधी विचारलंस, पाणी प्यालास का म्हणून?

फळीवर दोन डबे. तांबूस पूड बियांची, पिवळट मुळीची. पुढचं तुला माहीत आहे. घोडेगावला दवाखान्यात सलाइन, त्याच्या घरची धावपळ, तुझं रडणं.

आणि आत्या दवाखान्यात जाऊन बोलली, “पोरा, नजर गेली माजी. मुळी पडली माज्या हातनं.” तर तो पडल्या पडल्या हात जोडून म्हणाला, “आजी, नकळत झालं, मनाला लावू नका.” तेही त्यालाच जमतं. तू वहीत लिहिलंस, आत्याला दिसत नसल्यानं माहिती भरवशाची नाही. मी तुझ्या मागं उभा राहून वाचलं.

पूड कालवली तेव्हा तू ओढ्यावर तिच्यासोबतच होतीस. तिनं डब्याला हात कधी लावला, हे तुझ्या ध्यानात कसं आलं नाही?

आत्या कुणालाही औषध देण्याआधी स्वतःच्या जिभेवर ठेवते. त्या संध्याकाळी तिनं ताकाच्या पेल्याचा तळ बोटानं चाटला. मग माझ्याकडं बघितलं. आणि मग दवाखान्यात गेली. चार दिवस झाले, दोन्ही डबे पालथे घालून बसली आहे. काल एक बाई लेकराला घेऊन डोंगर चढून आली. आत्या म्हणाली, “न्हाई गं बाई, माजा हात गेला.”

तिचा हात गेलेला नाही. मी पिवळी पूड ओळखून घातली. त्याचा नेम माहीत असून घातली.

वहीत तिच्या नावापुढचं खोड आणि माझं नाव लिही. पुढच्या रविवारी सकाळच्या येष्टीनं मी त्याच्या दुकानात येतोय, तोंडावर सांगायला. तू तिथं थांबू नकोस. तो मला माफ करेल, आणि तू त्याच्याकडं बघशील. तेवढं मला सोसायचं नाही.

डबा ओळखून उघडणारा,
स्वराज