डाव्या गालाची माती

प्रिय आप्पा,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला लिहायचं धाडस झालं नव्हतं. परवा तात्या सांगलीला माझ्या कॉलेजात आले, म्हणून लिहायला बसले. तुमचा भाऊ म्हसवडहून एवढ्या लांब एकटा आला, थेट वर्कशॉपात शिरला आणि मी केलेल्या तुमच्या मातीच्या डोक्यासमोर बराच वेळ उभा राहिला.

"दादाची समाधी बांधतोय शेतात," ते म्हणाले. "त्यावर ह्योच पुतळा बसवू. पन डावा गाल तेवढा सारखा कर. चांगलं न्हाई दिसत."

तो गाल कसा झाला, हे त्यांना तेव्हा कुठे माहीत होतं?

आप्पा, दुसऱ्या वर्षाला मी चित्रकला सोडून द्यायच्या बेतात होते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. कॉलेजात आम्ही प्लास्टरची परदेशी तोंडं बघून बघून काढायचो. ती सरळ नाकं, ते कोरे डोळे. माझा हात चालायचा, पण आत काही हलायचं नाही. मग सरांनी घरच्या एखाद्या माणसाचं डोकं मातीत करायला सांगितलं आणि मला पहिल्यांदा तुमचा चेहरा दिसला. वीस वर्षं बघत होते, दिसला तेव्हा!

दर दुसऱ्या शनिवारी मी एसटीनं यायचे. सोप्यात तुम्ही पोत्यावर बसायचात. मेंढरांमागं जन्म गेलेला, त्यामुळे बसणं तुम्हाला शिकवावं लागलं नाही. दोन-दोन तास पापणीसुद्धा जपून हलवायचात. मी नसताना आई मातीवरचं फडकं रोज ओलं करायची. अर्ध्या झालेल्या डोक्याकडे बघून तुम्ही म्हणालात, "ह्यो मी न्हवं. ह्यो माझा बा हाय." मला केवढा आनंद झाला होता!

तिसऱ्या खेपेला तुमच्या गालांना कॅलिपर, म्हणजे माप घ्यायचा चिमटा, लावून मोजलं, तर डावा गाल जास्त भरला. मी म्हणाले, "आप्पा, तंबाखू थुका की. माप चुकतंय."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "थुकली की मगाशीच."

त्या उत्तरावर मी थांबायला हवं होतं ना? मी वहीतला जुना आकडा खोडला, नवा लिहिला आणि त्या मापानं माती चढवली.

सरांना मोबाईलवर फोटो दाखवला. "दोन बाजू सारख्या नसतात हे खरं," ते म्हणाले, "पण इतका फरक? तुझं मोजमाप चुकतंय." पुढच्या खेपेला मी डाव्या गालावरची माती खरवडून काढली. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजलं, तर तुमचा गाल आणखी वाढलेला. पुन्हा चढवली, पुन्हा खरवडली. आप्पा, तुमच्या गालात जे वाढत होतं, ते माझ्या बोटांना दर पंधरा दिवसांनी कळत होतं आणि मी माझ्याच हाताला दोष देत होते.

तेव्हा तुम्ही भाकरी दुधात कुस्करून खायला लागला होतात. मला वाटलं, दात दुखत असतील. डाव्या कुशीवर झोपणं सोडलं होतंत. मला वाटलं, उकडत असेल. चित्रकाराची नजर, म्हणे!

शेवटच्या खेपेला मी हट्ट सोडला आणि जसा दिसत होता तसा गाल ठेवला. तुम्ही ते डोकं मांडीवर घेऊन एसटीनं सांगलीपर्यंत आलात. एका हातानं ते धरलं होतंत, दुसरा हात गालाला. प्रदर्शनात लोक म्हणाले, किती जिवंत आहे. सर म्हणाले, "आता जमलं तुला." तुम्ही कोपऱ्यात उभे राहून हसत होतात. तोंड पुरतं उघडत नव्हतं.

त्यानंतर चारच दिवसांनी तुम्हाला मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, तीन-चार महिने आधी आणायला हवं होतं.

तुम्ही गेल्यावर आईनं सांगितलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी तुम्हाला खूप आधीच मिरजेला जायला सांगितलं होतं. जबडा कापावा लागेल, म्हणाले होते. तुम्ही आईला शपथ घातलीत. "पोरीचं काम पुरं हुंदे. तोंड कापल्यावर ती काय बघून करनार?"

असं का केलंत, आप्पा? एका मातीच्या डोक्यासाठी? मी दुसरं केलं असतं. नापास झाले असते. तुम्ही मला एकदा तरी विचारायचं होतंत. तुमच्यावर मी अजून रागावलेली आहे आणि हा राग जायचा नाही.

तात्यांना काल फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे मग. हाय तसाच बसवू." पुढच्या आठवड्यात ओतकामासाठी त्या डोक्याचा साचा घेणार आहे.

आणि आणखी एक सांगायचं आहे.

गेल्या महिन्यात आई सोप्यात शेंगा फोडत होती, तेव्हा तिचे हात काढले होते. आज घरी पुन्हा काढायला बसले. बांगड्या त्याच, पण तेव्हा मनगटाशी बसलेल्या बांगड्या आता हात उचलला की कोपराकडे घसरतात. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. माप चुकलेलं नाही.

"आई, जेवतेस ना?" मी विचारलं.

"जेवते की. तुझं आप्पा गेल्यापास्नं जरा जात न्हाई, एवढंच."

"पोटात दुखतं का?"

तिनं शेंगांचं सूप पुढं ओढलं. "तू चित्र काढ."

मी पेन्सिल खाली ठेवली. तिनं किती नको म्हटलं, रडली, तुमचं नाव घेऊन भांडली. उद्या सकाळच्या गाडीनं मी तिला घेऊन मिरजेला निघालेय. तिथं काय निघेल, माहीत नाही. मला भीती वाटतेय, आप्पा.

पण तुम्हाला शब्द देते. जे डोळ्याला दिसेल, ते आधी त्या माणसाला तोंडावर विचारीन. खरं उत्तर मिळेपर्यंत कागदाला हात लावणार नाही.

तुमची,
अश्विनी