मोडीत गेलेली कळशी

तीर्थरूप मथुराबाईंना धाकट्या जावेचा, दुर्गाचा, वाकून नमस्कार. (कंबर वाकत नाही, पण मेहनाजने तसं लिहिलंय, म्हणजे वाकलेच असं समजा.)

तुमचा मोतीबिंदू काढला, बरं झालं. थोडा उशिरा काढला असता तरी माझी काही तक्रार नव्हती, कारण आता तुम्हाला सगळं लख्ख दिसणार आणि संक्रांतीला तुम्ही आमच्याकडे येणार. कशासाठी येणार तेही स्पृहाने सांगितलं, म्हणून घाईने हे पत्र. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि बाकी सगळ्या मांजरी गावाला ऐकू जातं. तुम्ही चौथीपर्यंत शिकलेल्या, तेव्हा तुमच्याकडे वाचायला मधे माणूस लागत नाही. माझ्याकडे लिहायला लागतं. मेहनाज आमच्या वरच्या मजल्यावर राहते, शाळेत शिकवते. अक्षर सुंदर आहे असं तीच सांगते, मला काय कळणार.

आधी पापाचं सांगून टाकते, नाहीतर मी बोलत बोलत विश्रांतवाडीहून आळंदीला पोचेन आणि ते राहून जाईल. आपण वेगळ्या चुली मांडल्या तेव्हा तुम्ही अक्षरं कोरून दिलेली पितळेची कळशी माझ्याकडे नाही. माळ्यावर नाही, कपाटात नाही, पलंगाखालीही नाही. मी ती मोडीत दिली. चव्वेचाळीस वर्षं झाली.

ही वेळ आणली नातसुनेने. स्पृहा गुणी आहे (ती हे पत्र वाचणार नाही, तरी खरंच सांगते). पण आमच्या सौमित्रशी लग्न होऊन वर्ष झालं नाही तोच तिला वाटायला लागलं की घर हॉटेलच्या खोलीसारखं दिसतंय, ते आपलं दिसायला हवं. आणि आपलं दिसावं म्हणून ती दर रविवारी जुन्या बाजारातून दुसऱ्यांच्या घरातल्या वस्तू आणते. दाराशी कुणाचा तरी पाटा आहे. दिवाणखान्यात कुणाचं तरी जातं आहे, त्यावर काच टाकून चहा ठेवतात. जात्यापायी आपल्या दोघींचे खांदे गेले, आणि सौमित्र त्यावर पाय ठेवून क्रिकेट बघतो. भिंतीवर एक पगडीवाले आजोबा आहेत. चौकट आवडली म्हणून आणली, आजोबा तिच्याबरोबर आले. येणारे-जाणारे त्यांना हात जोडतात, सौमित्रचं नाक थेट आजोबांवर गेलंय म्हणतात. मीही परवा त्यांना बघून पदर सावरला. या घरातला मधे न बोलता माझं ऐकणारा हा पहिलाच पुरुष.

उरलेली जागा हाताने केलेल्या वस्तूंनी भरली. मेहनाजच्या आईने, नसीमबानूने, क्रोशाचं तोरण शिकवलं, मग मण्यांचा पोपट झाला, सुतळीचं झुंबर झालं. मलाही लोकर दिली, मी टीव्हीला झबलं विणलं. घरात पाऊल टाकणाऱ्याला वाटतं रुखवत मांडलंय, आणि तो नवरी शोधतो.

दिवाळीनंतर दोघांच्या लग्नाचा पहिला वाढदिवस झाला. त्यासाठी स्पृहाने बाजारातून मोठं पितळी पातेलं आणलं, झेंडू भरून टेबलावर मधोमध ठेवलं. सगळ्यांनी वाहवा केली. मेहनाजने पातेल्याची कड वाचली आणि पाण्याचा पेला तोंडाला लावून गप्प बसली. (गप्प बसली होतीस की नाही? मग लिही तसं.) पातेलं कुणाच्या तरी तेराव्याला वाटलेलं होतं, अमक्याच्या स्मरणार्थ. सौमित्र म्हणाला, "वा, मला वर्षभरातच आटोपलंस." स्पृहा रडायलाच लागली. म्हणाली, "आजी, आपल्या घरचं नाव घातलेलं एकसुद्धा भांडं कसं नाही हो?" तिचे डोळे पुसावेत म्हणून माझ्या तोंडून गेलं, "आहे की, मथुराबाईंनी दिलेली कळशी." कुठाय विचारल्यावर म्हटलं, माळ्यावर असेल.

त्या पोरीने तीनदा माळा उपसला. सौमित्र शिंकून शिंकून आडवा झाला. तिसऱ्या खेपेला वरून स्टीलचं पिंप निघालं. "हे भंगारात देऊ या का आजी?" मी म्हटलं, दे. कळशी मोडीत घालून आणलेलं पिंप ते हेच. मग माझी आठवण चालत नाही असं समजून तिने तुमच्या घरी फोन लावला, आणि तुम्ही निरोप दिलात, संक्रांतीला येते, कळशी डोळ्यांनी बघते. आता खिडकीपाशी तिने कळशीसाठी जागा ठेवलीय, खाली क्रोशाचा रुमाल घालून. येता-जाता तो रिकामा रुमाल मला दिसतो.

रागाने दिली असं समजू नका. वेगळं होताना आपण महिनाभर बोललो नव्हतो, हे खरं. पण राग असता तर मी ती ठेवली असती आणि रोज घासताना तुमचा उद्धार केला असता. तेव्हा गुलटेकडीला शेजारीपाजारी सगळ्यांकडे स्टील आलं होतं. पितळेला चिंच लागायची, राख लागायची. स्टील नुसतं पुसलं की त्यात तोंड दिसायचं, आणि माझं तोंड तेव्हा बघण्यासारखं होतं. दुकानदाराने कळशी तागडीत टाकली, वजन सांगितलं आणि हातोड्याने तिचा गळा चेपला. मी त्या वेळी पिंपाचं झाकण नीट बसतं का ते बघत होते. आवाज तेवढा ऐकला.

घरातल्या थोरांना नमस्कार सांगायचा असतो, पण तुमच्याहून थोर आता तिथे कोण उरलंय? लहानांचे पापे घ्या. रागवायचं असेल तर समोर बसून रागवा, पण या.

आपली धाकटी जाऊ,
दुर्गा

ता. क. – हवं तर हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर सांगा की कळशी तुम्हीच मागे परत नेली होती. तुम्ही कधी खोटं बोलत नाही, त्यामुळे लगेच पटेल.

ता. क. – वरचं मेहनाजला खोडायला सांगितलं. ती म्हणते, शाळेत मुलांनाही मी खोडू देत नाही. असू दे. स्पृहाला मीच सांगेन, पिंप भंगारात जायच्या आत.

ता. क. – आता मुख्य काम. कळशीवर तीन ओळी होत्या. घासताना बोटांना लागायच्या. नावाला आणि तारखेला तीन ओळी लागत नाहीत, एवढं मलाही कळतं. तुम्ही तेव्हा विचारलंत, वाचून घेतलंस का, आणि मी म्हटलं, ह्यांच्याकडून घेतलं. घेतलं नव्हतं. तुमचे लाडके दीर, ते तुमच्या बाजूनेच वाचणार, असं मला वाटलं. त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत, मीही नाही. मला वाटलं, तुमचा स्वभावच तसा. सगळं वाचूनही मी ढिम्म, असं बघून तुम्हाला काय वाटलं असेल, ते या महिन्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं. काय कोरलं होतं ते येण्याआधी लिहून कळवा. शिवी असली तरी गाळू नका, मेहनाज सगळं वाचते. तुम्हाला उत्तर द्यायचं राहिलंय.