बाबांच्या डोक्यावरची चटई

शनिवार, ७ मार्च
आज पेपर हातात पडला आणि सगळं बदललं. तिसऱ्या पानावर, खाली कोपऱ्यात — माझा लेख, माझं नाव! गावप्रमुख आलापातीची मस्ती पुरती उतरवली आहे. गावाने दंड म्हणून वसूल केलेले मासळीचे डबे कोणाच्या कपाटात जातात, ते आता सगळ्या आपिया शहराला कळलं. मला अंगणातून हाकलताना म्हणाला होता, "कॉलेज झेपलं नाही, माझी पोरगी लुपे झेपेल?" घे आता!

रविवार, ८ मार्च
चर्चमध्ये आमच्या बाकावर कोणी बसलं नाही. लुपेने मान वळवली नाही.

सोमवार, ९ मार्च
संपादक इओसेफोकडे गेलो. वाटलं, पुढचा लेख मागेल. तर पंख्याखाली बसून म्हणतो, "तू बाहेरून लिहिणारा, बाळा. दगड आले तर तुझ्या घरावर येतील." 'प्रमुख की चोर?' हा मथळा त्याचा! मी चोर लिहिलंच नव्हतं. लुच्चा.

मंगळवार, १० मार्च
लुपे धक्क्यावर भेटली. डब्यांचं तिनेच मला सांगितलं होतं, रडत, विश्वासाने. मी म्हटलं, खोटं काय लिहिलं?
"खरंच लिहिलंस. पण ते माझ्या तोंडचं होतं. घरात आणखी कोणाला ठाऊक होतं?"
गेली. जाऊ दे!

बुधवार, ११ मार्च
बाबा उद्या पहाटे आलापातीच्या दारात, आपल्या रीतीप्रमाणे, माफी मागायला बसणार. आईच्या लग्नातली बारीक विणीची चटई डोक्यावरून ओढून, मान खाली घालून. त्याने चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर दगड खायचे.
डबे त्याने ढापायचे आणि मान खाली आपण घालायची? मी भांडलो. बाबा चटई झटकत राहिले. "तू घरी थांब. तुझ्या वतीने मी बसतो."
म्हातारा मूर्ख आहे.

गुरुवार, १२ मार्च
ऊन चढलं. चटई अजून उचललेली नाही. मी जाणार नाही. बसू देत.

गुरुवार, दुपार
बहीण तिकडून धावत आली. म्हणते, दादा, चटईखाली आता दोघं आहेत. लुपे — स्वतःच्याच बापाच्या दारात, आमच्या बाबांना टेकून. आलापाती हातात दगड घेऊन पायरीवर उभा आहे.
सदरा सापडत नाही. राहू दे. निघालो. दार ओढून घेतो.