रविवारच्या पोह्यांसोबत फाइल

सोलापूर, गुरुवार

मामा,

नमस्कार आज करत नाही, राग आलाय.

"रविवारी पाहुणे बघायला यायलेत. गालावरच्या चट्ट्यांचं विचारलं तर ऊन लागलंय म्हणायचं," असं आईला सांगून गेलात. वर या महिन्यात ठरलेली माझी रक्ततपासणीही टाळायला सांगितलीत, कारण लॅबमध्ये मुलाची चुलती कामाला आहे.

मी आज सकाळीच जाऊन आले. तोंडावरचा स्कार्फ काढून तिच्यासमोर बसले. तिनंच रक्त घेतलं. "घरी सांगायचं तर खुशाल सांगा," म्हटलं.

मला ल्युपस आहे, मामा. माझ्याच रक्तातल्या अँटिबॉडी माझ्यावर उलटल्यात. त्या वाढल्या तर किडनीला धोका, म्हणून डॉक्टर दर तीन महिन्यांनी तपासतात. पाहुणे येणार म्हणून त्या काही गप बसायच्या नाहीत.

रिपोर्ट शनिवारी मिळेल. रविवारी पोह्यांसोबत फाइल आणणार आणि तुमच्याच हातात देणार. चट्टे कशाचे ते पाहुण्यांना तुम्हीच वाचून दाखवायचं.

हे पत्र मात्र टाकत नाही. टाकलं तर तुम्ही रविवारी यायचेच नाही.

चट्ट्यांसकट तुमचीच भाची,
हर्षदा