बरणी मुकी होते तेव्हा

प्रिय धाकटोबा,

परवा तुझा फोन आला तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. फोनवर मला तुझ्याशी भांडता येत नाही. तू मध्येच काहीतरी बोलून हसवतोस आणि मी कशासाठी चिडले होते तेच विसरते. म्हणून लिहायला बसले. नेहमीसारखं शेवटचं पान आधी उघडू नकोस, सुरुवातीपासून वाच.

तुझ्या बेकरीच्या भिंतीवर तू मोठ्या अक्षरांत लिहून लावलंयस म्हणे, की आमच्या घरी सुट्टीच्या दिवशी सगळे मिळून लोणी काढायचे. सगळे मिळून. आत्याने कौतुकाने सांगितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विसरला असशील तर सांगते. आठ दिवसांची साय आई काचेच्या रुंद बरणीत अर्धी भरायची, बाबा झाकण आवळून बरणी पालथी करून बघायचे, मग ती टेबलाभोवती फिरायची. प्रत्येकाचे शंभर हिसके. पहिली पाळी तुझी, कारण तू धाकटा. सुरुवातीला साय नुसती डुचमळते, त्यामुळे मजा येते. तू बरणी घेऊन घरभर नाचायचास. मग आईबाबा आपापले शंभर उरकायचे. आणि मग बरणी मुकी व्हायची. साय घट्ट होऊन काचेला चिकटते, कितीही हलवा, आतून आवाज म्हणून येत नाही, काही होतंय असं वाटतच नाही. नेमकं तेव्हा आईला गॅसवरचं काहीतरी आठवायचं, बाबांना पेपर, आणि तू तर कधीच पसार झालेला असायचास. बरणी माझ्याकडे. माझ्या शंभराचे तीनशे व्हायचे, कधी चारशे.

मग आत कुठेतरी पहिला धप्प असा आवाज व्हायचा. त्या एका आवाजाला तू असशील तिथून धावत यायचास. ताई, दमलीस, दे इकडे. पुढच्या वीस हिसक्यांत पिवळा गोळा ताकात तरंगायला लागायचा आणि आई म्हणायची, याच्या हाताला यश आहे. लोणी लावलेला पहिला पाव तुला. गोळा थंड पाण्याने धुवायचं काम माझं, कारण माझे हात गार असतात असं तुम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

लोण्याचं मी कधी मनावर घेतलं नाही, खरंच. पण बाबा चौदा महिने अंथरुणावर होते आणि तू शेवटचे तीन दिवस आलास. ते तुझा हात धरून गेले, हे मी नाकारत नाही. नंतर जमलेल्या माणसांपुढे तू त्यांच्याबद्दल बोललास, सगळ्यांचे डोळे भरून आले, मुलगा असावा तर असा म्हणून आत्याने तुला जवळ घेतलं. मी स्वयंपाकघरात कप विसळत होते. त्यांची कूस बदलून बदलून माझा उजवा खांदा गेला, अजून वेणी घालायला हात वर जात नाही. तू मलम पाठवलंस. मलम चांगलं होतं.

आता आई अंथरुणाला खिळून सहा महिने झाले. सकाळी अंग पुसायचं, भरवायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, शेजारच्या काकू येऊन बसल्या की अर्धा दिवस लायब्ररीतल्या नोकरीवर जाऊन यायचं. कशी आहे विचारलं तर सांगण्यासारखं काही नसतं. कालच्यासारखीच आहे. परवा तुलाही मी तेच सांगितलं, तर तू म्हणालास, ताई, तसं काही वाटलं की लगेच कळव, मिळेल त्या गाडीने निघतो. तुझ्या आवाजात माया होती, म्हणून जास्त राग आला.

काल मी साय बाहेर काढली. आईला जरा बरं वाटेल म्हणून बरणी तिच्या हातात दिली आणि वरून माझे हात धरले. नऊ हिसक्यांत ती थकली. पुढचं मी तिच्या पलंगाशी बसून डाव्या हाताने केलं, खूप वेळ लागला. शेवटी धप्प झालं, तशी आईने डोळे उघडले, दाराकडे बघितलं आणि विचारलं, आला का तो? मी नाही म्हटलं. तिला ते पटलं नाही, ती किती तरी वेळ दाराकडेच बघत होती. म्हणून हे पत्र. शेवट जवळ आला की मी तुला कळवणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. बेकरी कुणावर तरी सोपव आणि पत्र मिळताच निघ, महिनाभर राहायच्या तयारीने. कूस कशी बदलायची ते एकदा दाखवीन, मग तुझं तू बघ. सध्या इथे काहीच घडत नाहीये. आत्ताच ये.

तुझीच,
ताई